ट्रेलरमधला पाऊस गेममध्ये कुठे जातो?

नाशिकच्या सातपूरमधल्या एका मुलाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "दादा, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून पीएस फाइव्हवर ४,९९९ रुपयांचा गेम प्री-ऑर्डर केला. ट्रेलरमध्ये पावसात चकाकणारं शहर होतं, बाजारात माणसांची रेटारेटी होती. गेम सुरू केला तर शहर कोरडं ठणठणीत. बाजारात मोजून पाच-सहा माणसं, तीही भिंतीला धडकत फिरणारी. कंपन्या हे मुद्दाम करतात का? याला फसवणूक म्हणायचं का? आणि पुढच्या वेळी आधीच ओळखायचं कसं?"

गेमचं नाव त्याने दिलं होतं, मी इथे घेत नाही. नाव बदललं तरी उत्तर तेच राहील.

आधी माझ्याविषयी, म्हणजे हे कोण सांगतंय ते कळेल. पुण्या-मुंबईत मिळून अकरा वर्षं मी परदेशी गेम्ससाठी लायटिंगचं (उजेड-सावलीचं) आणि सिनेमॅटिकचं (सिनेमासारख्या दृश्यांचं) काम केलं. गेली तीन वर्षं गंगापूर रोडला घरात बसून तेच करतो आणि शनिवार-रविवार काही मुलांना शिकवतो. तुझ्या ट्रेलरमधला पाऊस पाडणारा माणूस माझ्याच जातकुळीतला. त्यामुळे थोडी बाजू त्याची घेईन, पण सगळी नाही.

एक समज आधी डोक्यातून काढ. सिनेमाचं शूटिंग झालेलं असतं, मग त्यातले तुकडे जोडून ट्रेलर करतात. गेमचं बहुतेक वेळा असं नसतं. पहिला मोठा ट्रेलर येतो तेव्हा गेम झालेलाच नसतो. असतात त्या करड्या रंगाच्या ठोकळ्यांच्या इमारती, चेहरा नसलेली पात्रं आणि चालताना मध्येच जमिनीत रुतणारा हिरो. त्या पसाऱ्यातून पाच-दहा मिनिटांचा एक तुकडा निवडतात आणि तेवढाच शेवटच्या हातापर्यंत सजवतात. आमच्याकडे त्याला 'व्हर्टिकल स्लाइस' म्हणतात. पाथर्डी फाट्याला नवीन स्कीमचा सॅम्पल फ्लॅट पाहिला असशील. इमारतीचे अजून खड्डे चाललेले असतात आणि एक फ्लॅट मात्र पडद्यांसकट तयार. आत गेलास तर बेडरूमला दार नसतं, कारण दार उघडायला जागा लागते आणि खोली लहान दिसते. पलंगही हात लावून मोजला तर नेहमीपेक्षा आखूड निघतो. भिंती खऱ्या, फरशी खरी. पण बिल्डरने सत्तर फ्लॅटचा खर्च त्या एकात ओतलेला असतो, आणि तुला ताबा मिळतो तो सत्तरांपैकी एकाचा.

याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण 'वॉच डॉग्स'. युबिसॉफ्ट कंपनीने तो २०१२ च्या ईथ्री या गेम्सच्या प्रदर्शनात दाखवला. वाऱ्याने उडणारा कोट, ओला रस्ता, दिव्यांभोवतीची धुकट आभा, सगळं बघून लोक चाट पडले. आता तारीख बघ. तेव्हा प्लेस्टेशन फोर जाहीरसुद्धा झालेलं नव्हतं. ते झालं फेब्रुवारी २०१३ मध्ये. म्हणजे डेमो चालला तो तगड्या पीसीवर, पुढचं कन्सोल, म्हणजे गेम खेळायचं यंत्र, किती ताकदीचं असेल याचा अंदाज बांधून. गेम आला मे २०१४ मध्ये आणि तो अंदाज किती चुकला ते सगळ्यांनी पाहिलं. गंमत पुढे आहे. महिनाभरात एका मॉडरला (गेमच्या फाइल्समध्ये फेरफार करणाऱ्या हौशी माणसाला) पीसीच्या फाइल्समध्ये त्या २०१२ च्या डेमोची काही सेटिंग्ज तशीच पडलेली सापडली. ती चालू केल्यावर गेम बराचसा जुन्या ट्रेलरसारखा दिसू लागला. लोक म्हणाले, बघा, मुद्दाम लपवलं. कंपनी म्हणाली, त्या सेटिंग्जमुळे गेम अडखळू शकतो, बिघडू शकतो, म्हणून बंद केल्या होत्या. माझ्या अनुभवाने सांगतो, दोन्ही म्हणणी एकाच वेळी खरी असू शकतात. आम्ही काही पुसून टाकत नाही. पुसायलाही वेळ लागतो, आणि पुसताना भलतंच काहीतरी मोडतं.

मग पाऊस जातो कुठे? त्यासाठी तुला आमच्या वर्गातला एक प्रयोग सांगतो. अनरिअल इंजिन या गेम बनवायच्या आणि चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये मी एक गल्ली बनवून ठेवली आहे. जुन्या नाशिकच्या धर्तीची, दोन्ही बाजूंना लाकडी वाडे, मध्ये फरसबंदी, वर पावसाळी आभाळ. ती गल्ली मुलांना आधी चालवून दाखवतो. गेम सेकंदाला ६० फ्रेम्सने, म्हणजे ६० चित्रांनी, पळायचा असेल तर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. ३० ने पळायचा असेल तर ३३.३. एवढ्यात कोण कुठे उभा आहे, कोणाची सावली कुठे पडते, डबक्यात काय दिसतंय, शत्रूने काय ठरवलं, आवाज कुठून येतो, सगळं उरकायचं असतं. माझ्या मशीनवर ती गल्ली कशीबशी साठला टेकते.

मग तीच गल्ली, तेच इंजिन, एकही वस्तू न बदलता मी रेंडर क्यूला लावतो, म्हणजे एकेक फ्रेम सावकाश काढून साठवायला सांगतो. आता इंजिनाला घाई नाही. एक फ्रेम चौसष्ट वेळा किंचित हलवून काढ आणि सरासरी घे, सावल्या पूर्ण बारकाव्याने मोज, लांबच्या वाड्याच्या खिडकीचे गजसुद्धा सोडू नकोस. या थाटात एका फ्रेमला साधारण ४० सेकंद लागतात. दीड मिनिटाच्या ट्रेलरला, सेकंदाला ३० धरल्या तर, २,७०० फ्रेम्स. गुणाकार कर, तीस तास होतात. मागच्या पावसाळ्यात हेच चालू असताना सोळाव्या तासाला लाईट गेली. फ्रेम्स सुट्या चित्रांच्या रूपात साठवत होतो म्हणून वाचलो. थेट व्हिडिओ काढत असतो तर सोळा तास पाण्यात. नवख्या पोरांना मी हा नियम पहिल्याच दिवशी सांगतो आणि ते पहिल्यांदा फाइल गमावल्याशिवाय ऐकत नाहीत.

तर हा दीड मिनिटाचा व्हिडिओ मी उद्या टाकला आणि खाली लिहिलं, 'इन-इंजिन फुटेज', तर मी खोटं बोललो का? शब्दशः नाही. इंजिन तेच आहे. फक्त तुझ्या कन्सोलला जे १६.७ मिलिसेकंदांत करायचंय, ते मी ४० सेकंदांत केलं. म्हणजे सुमारे चोवीसशे पट वेळ. 'इन-इंजिन' या शब्दात हे सगळं मावतं, म्हणून तो शब्द मला आवडत नाही. सरळ पूर्व-रेंडर केलेला (आधीच काढून ठेवलेला, खेळता न येणारा) सिनेमॅटिक ट्रेलर त्या मानाने प्रामाणिक. २०११ चा 'डेड आयलंड'चा उलट्या काळातला ट्रेलर ग्लासगोच्या ॲनिमेशन स्टुडिओने केला होता. तो छोटा सिनेमा आहे हे बघणाऱ्याला कळत होतं. गेममध्ये त्यातली हळवी कथा सापडली नाही, हातात आली ती वल्ह्याने झॉम्बी बडवायची मजा. नाराजी झाली, पण 'हा गेमप्ले आहे' असं कोणी म्हटलं नव्हतं. उलट २००५ च्या ईथ्रीत 'किलझोन २'चा जो ट्रेलर सोनीने दाखवला, तो पूर्व-रेंडर असूनही दाखवला अशा थाटात की लोकांना तो चालू गेमच वाटला. गेम यायला २००९ चा फेब्रुवारी उजाडला. कौतुकाची गोष्ट म्हणजे तो गेम बनवणाऱ्या गरिला गेम्सच्या लोकांनी तो ट्रेलरच उद्दिष्ट धरून काम केलं आणि बऱ्यापैकी जवळ पोचले. सगळ्यांना असं चार वर्षं झगडायला मिळत नाही.

कमी करायचं ठरतं तेव्हा नेमकं काय कमी होतं हेही बघ. धूर, आग, पाऊस, धुकं, म्हणजे अर्धपारदर्शक गोष्टी, यांच्यावर पहिली कुऱ्हाड पडते. कारण एकावर एक दहा थर धुराचे असतील तर ग्राफिक्स कार्डला तो प्रत्येक थर रंगवावा लागतो. मागचा झाकला गेला म्हणून सोडून देता येत नाही. 'द विचर ३'च्या वेळी तो बनवणाऱ्या सीडी प्रोजेक्टने हे उघडपणे मान्य केलं होतं. २०१३ च्या ट्रेलरमधली आग-धुराची पद्धत आणि दिव्यांची मांडणी एवढ्या अवाढव्य जगात चालेना, म्हणून दुसरी रेंडरिंग पद्धत निवडली. एका चौकात जे सुंदर दिसतं ते दिवसा, रात्री, जंगलात, दलदलीत सगळीकडे टिकलं पाहिजे. दुसरी कुऱ्हाड गर्दीवर. गर्दीतला प्रत्येक माणूस म्हणजे सांगाडा हलवायचा, रस्ता शोधायचा, समोरच्याला चुकवायचं. ट्रेलरमध्ये ती माणसं ठरलेल्या रुळावरून जातात, त्यांना डोकं नसतं. गेममध्ये तू बाजारात घोडा घातलास तर त्यांनी पळायला पाहिजे. तुझी रेटारेटी तिथे गेली.

पाचेक वर्षांपूर्वी मी स्वतः एका गेमच्या बाजाराचा असाच शॉट केला होता. संध्याकाळचा उजेड, ताडपत्रीवरून ओघळणारं पाणी, कंदिलाचं डबक्यातलं प्रतिबिंब. त्या एका डबक्यावर माझा आठवडा गेला. कॅमेरा डावीकडून उजवीकडे जायचा आणि थांबायचा, कारण उजवीकडे पुढे काहीही नव्हतं. शेवटचं दुकान अर्धंच होतं, मागची भिंतसुद्धा नव्हती. कॅमेरा हातभर जास्त वळला असता तर निळं रिकामं आकाश दिसलं असतं. वरून ट्रेलरवाल्यांची सूचना यायची, "अजून ओलं करा." दीड वर्षाने गेम आला तेव्हा तो बाजार होता, पण कथेतला तो प्रसंग आता दुपारी घडत होता. त्यामुळे पाऊस नाही, कंदील नाही, डबकं नाही. कोणी वाईट हेतूने काही केलं नव्हतं. लेखकाने प्रसंग हलवला, एवढंच. पण ट्रेलर इंटरनेटवर तसाच होता, आजही आहे.

डबक्यांवरून आठवलं, सप्टेंबर २०१८ मध्ये 'स्पायडर-मॅन' यायच्या आधी अशीच बोंब झाली. २०१७ च्या डेमोत एका बांधकामाच्या जागी मोठं डबकं होतं, नव्या चित्रात ते जवळजवळ नाहीसं झालेलं. गेम बनवणाऱ्या इन्सोम्नियाकने सांगितलं की दर्जा कमी केलेला नाही, डबक्याचा आकार बदललाय. गेम आल्यावर ते खरं निघालं, आणि पुढे त्यांनी फोटो मोडमध्ये (गेममध्येच फोटो काढायच्या सोयीत) डबक्यांचे स्टिकरच देऊन टाकले. सगळ्या 'डाउनग्रेड'च्या, म्हणजे दर्जा उतरवल्याच्या, आरोळ्या खऱ्या नसतात. कधी दोष भलताच असतो. 'एलियन्स: कलोनियल मरीन्स'मधले राक्षस ट्रेलरमध्ये भिंतींवरून दबा धरून येत आणि गेममध्ये वेड्यासारखे सरळ चालत. काही वर्षांनी एका मॉडरने शोधलं की सेटिंगच्या फाइलमध्ये 'टेदर' शब्दाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त पडलं होतं. ते काढलं आणि राक्षसांना बरीच अक्कल आली. तुझ्या गेममधली भिंतीला धडकणारी माणसंही कदाचित पॅचने, म्हणजे नंतरच्या दुरुस्तीच्या अपडेटने, सुधारतील. पाऊस मात्र पॅचने येईल असं धरून बसू नकोस.

आता फसवणुकीचं. ट्रेलर आणि गेम वेगळे, एवढ्यावर मी फसवणूक म्हणणार नाही. 'मेटल गिअर सॉलिड २'च्या ट्रेलर्समध्ये स्नेक हा जुना नायक दिसत राहिला आणि २००१ मध्ये गेम आला तेव्हा बहुतेक भागात खेळायचं होतं राइडेन या नव्याच पात्राच्या रूपात. ट्रेलरने मुद्दाम चकवलं, पण ते रहस्य राखण्यासाठी. माझा निकष साधा आहे: पहिला ट्रेलर काय म्हणतो ते सोड, विक्रीच्या आधीच्या शेवटच्या महिन्यात कंपनी काय दाखवते आणि काय दाखवत नाही ते बघ. दोन वर्षांपूर्वी त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं. २०१७ च्या ईथ्रीत गाजलेल्या 'अँथम'च्या डेमोत जे दिसलं त्यातलं बरंच बांधून झालेलंच नव्हतं, हे पुढे २०१९ मध्ये त्यावर काम केलेल्या लोकांनीच पत्रकाराला सांगितलं. पण विक्रीच्या महिनाभर आधी सगळ्यांना सगळं ठाऊक असतं. माल भरून तयार असतो, त्यात काय नाही हे प्रत्येकाला माहीत असतं. तेव्हाही जुना व्हिडिओ दुकानाच्या पानावर वर ठेवला असेल तर त्याला मी लबाडीच म्हणेन.

'सायबरपंक २०७७'चंच घे. २०१८ चा ४८ मिनिटांचा डेमो, त्यावर स्वच्छ सूचना होती की काम चालू आहे, अंतिम गेम असा नसेल. त्याबद्दल मी त्यांना दोष देत नाही. पण डिसेंबर २०२० मध्ये समीक्षकांना आधी मिळाली ती फक्त पीसीची प्रत, आणि स्वतःचं चित्रीकरण दाखवायलाही मनाई. जुन्या कन्सोलवर गेमची काय दशा आहे ते विक्री सुरू झाल्यावरच कळलं. आठवड्याभरात सोनीने तो आपल्या स्टोअरवरून काढला, परत घेतला जून २०२१ मध्ये. त्याहून वरताण 'द डे बिफोर'. ट्रेलर भव्य ऑनलाइन जगाचे, ७ डिसेंबर २०२३ ला विक्री सुरू, चार दिवसांत स्टुडिओनेच दुकान बंद करत असल्याचं जाहीर केलं. स्टीमवर (पीसी गेम्सच्या ऑनलाइन दुकानात) पैसे परत मिळाले हे नशीब.

मोबाइलवरच्या जाहिरातींबद्दल जास्त लिहीत नाही. राजाला लाव्हारसातून वाचवण्यासाठी खिळे ओढायचे, असं दाखवतात आणि डाउनलोड केल्यावर निघतं रंगीत गोट्या जुळवणं. ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने २०२० मध्ये 'होमस्केप्स' आणि 'गार्डनस्केप्स'च्या अशा जाहिराती बंद पाडल्या. तिथे तंत्राची अडचण वगैरे काही नव्हती. याच नियामकाने 'नो मॅन्स स्काय'विरुद्धच्या तक्रारी मात्र २०१६ मध्ये फेटाळल्या होत्या, आणि ते वाचून मलाही आश्चर्य वाटलं होतं. त्या गेममध्ये पहिल्याच दिवशी दोन खेळाडू एकाच ठिकाणी उभे राहिले आणि एकमेकांना दिसले नाहीत. खरं एकत्र खेळणं जुलै २०१८ च्या अपडेटमध्ये आलं.

ओळखायचं कसं? ट्रेलर आवाज बंद करून बघ. संगीत गेलं की डोळा थंड होतो. कोपऱ्यात नकाशा, गोळ्यांचा आकडा, आरोग्याची पट्टी दिसते का? नसेल तर कॅमेरा बघ: तो पात्राच्या मागे आहे की ड्रोनसारखा तरंगतोय? माणूस कंट्रोलर हातात घेऊन खेळतो तेव्हा कॅमेरा चुकतो, भिंतीला लागतो, उगाच मागे वळतो. जो कॅमेरा एकदाही चुकत नाही तो कोणीतरी आखलेला आहे. मग खालची बारीक ओळ. 'पीएस फाइव्हवर चित्रित' असं यंत्राचं नाव घेऊन लिहिलेलं वाक्य 'इन-इंजिन'पेक्षा कितीतरी वजनदार. 'जीटीए ६'च्या मे २०२५ च्या दुसऱ्या ट्रेलरबद्दल कंपनीने सांगितलं की तो सगळा पीएस फाइव्हवर घेतलाय, अर्धा गेमप्ले आणि अर्धा कटसीन (कथेचे नुसते बघायचे प्रसंग). यात यंत्र कळलं, वाटणी कळली. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुझ्याकडे जे यंत्र आहे त्याच यंत्रावरचा सलग, न कापलेला पंधरा-वीस मिनिटांचा खेळ विक्रीच्या आठवड्यात कुठे बघायला मिळतो का ते शोध. मिळत नसेल तर थांब. डिजिटल गेम संपत नाही. प्री-ऑर्डरची घाई आहे ती विकणाऱ्याची.

राहिला पैशाचा भाग. लासलगावला कांद्याची ट्रॉली लिलावाला लागते तेव्हा बोली वरचा माल बघूनच लागते. पण व्यापाऱ्याच्या खळ्यावर ट्रॉली रिकामी होताना खालून गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, निघाली की व्यापारी वांधा (हरकत) काढतो आणि भाव तोडतो. शेतकऱ्याच्या बाजूने बघितलं तर त्या वांध्याचा गैरवापरही होतो, तो विषय वेगळा. स्टीमवर गिऱ्हाइकाला असा वांधा काढायची सोय आहे: खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि खेळ दोन तासांपेक्षा कमी झाला असेल तर पैसे परत. म्हणून पहिले दोन तास पात्राचं नाक आणि भुवया ठरवण्यात घालवू नकोस, थेट बाजारात जा. प्लेस्टेशन स्टोअर कडक आहे. तिथेही १४ दिवस आहेत, पण डाउनलोड सुरू झालं की हक्क साधारण संपतो. प्री-ऑर्डर केलेला गेम कन्सोल आपोआप उतरवून घेतो, म्हणजे तू झोपेत असतानाच तो हक्क जातो. सेटिंगमध्ये जाऊन आपोआप डाउनलोड बंद करून ठेव.

तुझ्या या ४,९९९ चं म्हणशील तर स्टोअरकडे एकदा लेखी मागणी कर, फार आशा न धरता. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणारी जाहिरात हा स्वतंत्र विषय आहे, आणि २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे मुख्य दावाच फसवा असेल तर खाली बारीक अक्षरात सूचना टाकून तो सावरता येत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. पण तक्रारीत 'ग्राफिक्स आवडले नाहीत' असं लिहू नकोस, ते कोणी ऐकणार नाही. विक्रीच्या पानावर कोणत्या तारखेला कोणता व्हिडिओ होता आणि त्यात दाखवलेली कोणती गोष्ट गेममध्ये अजिबात नाही, एवढंच लिही. त्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसकट आज रात्रीच काढून ठेव. आरडाओरडा वाढला की पहिला बदलतो तो तोच व्हिडिओ.